किल्लारीत माणसं भूकंपाने गेली की माळवदांनी?

तेरणाकाठ:
30 सप्टेंबर जवळ आला की आमच्या घरी किल्लारीच्या भूकंपाचा विषय निघतोच. 1993 साल, गणपती बोळवून लोक उशिरा झोपलेले, पहाटे 3.56 ला धक्का. तीव्रता 6.2 च्या आसपास आणि औसा-उमरगा पट्ट्यात आठ ते दहा हजार माणसं गेली. चिलीत 2010 ला 8.8 चा भूकंप झाला, तिथे त्सुनामी धरूनही पाचशेच्या घरात. म्हणून 'निसर्गाचा कोप' म्हटलं की मला राग येतो.

आमचं माळवद, म्हणजे सपाट मातीच्या छताचं दगडी घर आठवा. दोन-अडीच फुटी दगडी भिंत, दगडांमध्ये नुसती माती. आतला थर बाहेरच्या थराला बांधणारा आडवा दगड नाही. मृगाच्या आधी आजोबा टोपलीने पांढरी माती वर चढवायचे, गळू नये म्हणून. दरवर्षी एक थर. होता होता छत दीड-दोन फूट जाड झालं. ते सगळं ओझं झोपलेल्या माणसांवर आलं.

सुताराचा नातू:
चिलीची तुलना पटत नाही. तिथला भूकंप समुद्राखाली, आपला गावांच्या पायाखाली आणि उथळ. शिवाय तेव्हाच्या भूकंपधोक्याच्या नकाशात लातूर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होतं, ते बदललं 2002 मध्ये. लातूरच्या उन्हाळ्यात जाड भिंतच माणसाला जगवते. घरांना दोष देणं म्हणजे गेलेल्यांना दोष देणं.

तेरणाकाठ:
गेलेल्यांना दोष कसा देईन, त्यात माझे चुलते आहेत. पण 1992 च्या ऑक्टोबरात तिथे धक्के बसले होते. लोक भीतीने अंगणात झोपत होते. नकाशा काहीही म्हणो, जमीन सांगत होती. तरी माळवदं होती तशीच राहिली. गरिबाचं कोण ऐकतं?

पांढरीची लेक:
दादा, 'गरीब म्हणून मेले' हे किल्लारीला सरसकट लावू नका. माझी मावशी सास्तूरजवळ गावकुसाबाहेर कुडाच्या घरात होती. कूड कलंडला, ती पोरांना घेऊन बाहेर आली. मोठे दगडी वाडे बसले. उजाडायच्या आत ती आणि वस्तीतल्या बाया हातांनी दगड उचलत होत्या, ज्या वाड्यांत त्यांना ओसरीच्या पुढे पाऊल टाकता येत नव्हतं तिथले.

पण पुढचं ऐका. 52 गावं नवीन जागी बसवली आणि घरं दिली ती जमिनीच्या मापाने. भूमिहीन आणि हेक्टरापर्यंतच्यांना 250 चौरस फूट, सात हेक्टरांपर्यंत 400, त्याहून जास्त असेल तर 750. मावशीला अर्थात 250. धक्क्याने तिला सोडलं होतं, पुनर्वसनाने पुन्हा होती तिथेच बसवलं.

सुताराचा नातू:
मावशींचं वाचून गलबललं. तरी एक सांगतो, शेतकऱ्याला बैलं, कडबा, धान्य, अवजारं ठेवायला जागा लागते. आणि वाटपावर भांडत बसले असते तर लोक वर्षानुवर्षं पत्र्याच्या शेडमध्येच राहिले असते.

पांढरीची लेक:
शेळ्या मावशीकडेही होत्या. आणि पोरं किती आहेत हे मोजायला काय वेळ लागला असता? मोजली ती जमीन.

तेरणाकाठ:
ताई, तुमचं मान्य. 'गरीब म्हणून' हे मी घाईत लिहिलं. कोण मेलं ते भिंतीने ठरवलं, कोण पुन्हा उभं राहिलं ते सातबाऱ्याने.

सुताराचा नातू:
निदान आताची घरं तरी पक्की आहेत.

पांढरीची लेक:
सरकारी खोल्या, हो. 250 फुटांत दोन सुना मावेनात म्हणून मावशीने मागे खोली काढली. भिंती एकत्र बांधून धरायला दारावरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा टाका म्हटलं, तर गवंडी म्हणाला सळईचे पैसे द्या. तेवढे नव्हते. भिंत तशीच चढली, जुन्या गावातून आणलेल्या दगडांची. धाकटी सून बाळंतीण होऊन आली, ती त्याच खोलीत झोपते.