मदत हवी आहे: सॅन फ्रान्सिस्को, आई आणि दोन दिवस

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आई येतेय. निवृत्त इतिहास शिक्षिका, त्यामुळे गोल्डन गेटचा फोटो काढून तिचं समाधान होणार नाही, हे नक्की. "इथं कोण कोण येऊन राहिलं ते दाखव," अशी फर्माईश फोनवरच आलीय.

एक दिवस खाडीतल्या एंजल आयलंड या बेटाचा. १९१० ते १९४० मध्ये चिनी स्थलांतरितांना तिथं अडकवून ठेवत, आणि त्यांनी बराकीच्या लाकडी भिंतींवर कोरलेल्या कविता अजून दिसतात. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत जन्मनोंदी जळाल्या, त्यामुळे इथं जन्मलो असा दावा खोडणं अवघड झालं, मग कित्येक चिनी लोक कागदोपत्री अशा कुणाचे तरी 'मुलगे' बनून आले. हे सांगितल्यावर आई पाच मिनिटं हसत होती, मग एकदम गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी जपानटाउन आणि त्याला लागूनची फिलमोर वस्ती. १९४२ मध्ये, महायुद्धात, इथल्या जपानी कुटुंबांना सरकारने नजरकैदेच्या छावण्यांत नेलं, आणि रिकाम्या झालेल्या घरांत जहाजबांधणीच्या कामासाठी आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं राहू लागली. पुढे पुनर्विकासाने त्यांचीही वस्ती मोडली. शेवटी वुड स्ट्रीटवरचं गदर स्मारक, म्हणजे परदेशात राहून भारताच्या स्वातंत्र्यासाठी लढलेल्यांच्या गदर चळवळीचं. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीत होते, म्हणून आईचा तिथं विशेष जीव.

आता अडचण अशी, की आईचे गुडघे दुखतात. एंजल आयलंडवर बोटीच्या धक्क्यापासून बराकीपर्यंत चढण किती, वाहन मिळतं का? गदर स्मारक आतून बघायला आधी कळवावं लागतं का? फिलमोरचा इतिहास नीट सांगणारा वाटाड्या कुणाच्या माहितीत आहे का? नुसती दुकानं दाखवणारा नको. आणि हो, ती शाकाहारी आहे, चायनाटाउनमध्ये खायचं काय?