‘पांढरी कावीळ’, ‘चिरकारी’, ‘वाहक’ : हिपॅटायटिस आणि यकृताच्या कॅन्सरबद्दल लिहिताना कोणते शब्द वापरावेत?

मूळ प्रश्न

नमस्कार मंडळी. हिपॅटायटिस बी किंवा सी (यकृताला सूज आणणारे विषाणू) अंगात वर्षानुवर्षं राहिला तर यकृताचा कॅन्सर होऊ शकतो, यावर रुग्णांसाठी एक छोटं माहितीपत्रक मराठीत लिहिते आहे. तीन ठिकाणी अडले आहे. ‘क्रॉनिक हिपॅटायटिस’ला कोशांमध्ये ‘चिरकारी यकृतशोथ’ सापडतो, पण ओपीडीबाहेर बाकावर बसलेल्या माणसाला त्यातून काय कळणार? ‘जुनी कावीळ’ म्हणावं का? आमच्याकडे हिपॅटायटिस बीला ‘पांढरी कावीळ’ म्हणतात, तो शब्द चालेल का? दुसरा शब्द ‘कॅरिअर’, म्हणजे त्रास नसताना अंगात विषाणू असलेला माणूस. सगळीकडे ‘वाहक’ छापतात, मला तो पटत नाही. तिसरा ‘सर्व्हेलन्स’, म्हणजे कॅन्सर लवकर सापडावा म्हणून ठरावीक काळाने केलेली तपासणी. ‘पाळत’ म्हटलं की पोलीस आठवतात.

प्रतिसाद, सोलापूरहून

ताई, मी पोटविकारांच्या ओपीडीत काम करतो, त्यामुळे हे शब्द रोज कानावर पडतात. ‘कावीळ’ हा शब्द शक्यतो टाळाच, असं माझं ठाम मत आहे. मराठी माणसाच्या डोक्यात कावीळ ‘होते’ आणि ‘उतरते’. डोळे पिवळे झाले, महिनाभर पथ्य पाळलं, उतरली, विषय संपला. हे चित्र दूषित पाण्यातून येणाऱ्या हिपॅटायटिस ए आणि ई यांना बरोबर लागू पडतं. ते दोन्ही बहुतेकांच्यात आपोआप बरे होतात. गळ्यात माळ घालणारे आणि चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावणारे यांचं नाव होतं ते यामुळेच.

बी आणि सी यांचं तसं नाही. ते रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला जातात. पुष्कळांना कावीळ कधी होतच नाही. बाळंतपणाच्या वेळी बीची लागण झालेल्या बाळाचे डोळे पिवळे होत नाहीत, ते चांगलं दूध पितं, वाढतं. पण अशा १०० बाळांपैकी सुमारे ९० जणांच्या अंगात विषाणू कायमचा राहतो. धडधाकट मोठ्या माणसाला लागण झाली तर हेच प्रमाण शंभरात पाचाच्याही खाली असतं. म्हणजे ज्याला कधीच ‘कावीळ’ झाली नाही, त्यालाच कॅन्सरचा धोका जास्त. त्याच्या हातात ‘कावीळ’ मथळ्याचं पत्रक दिलं तर तो म्हणणार, हे आपल्यासाठी नाही.

‘पांढरी कावीळ’ एकदाच, ओळख पटावी म्हणून लिहा: ‘ज्याला काही लोक पांढरी कावीळ म्हणतात तो हिपॅटायटिस बी’. पुढे सगळीकडे ‘हिपॅटायटिस बी’च. रिपोर्टवर तेच छापलेलं असतं आणि पेशंटला ते जुळवून पाहता आलं पाहिजे.

प्रतिसाद, पुण्याहून

‘चिरकारी’बद्दल थोडं. विश्वकोशी मराठीत ‘तीव्र’ आणि ‘चिरकारी’ अशी जोडी आहे. ‘चिरकारी’ नुसता कळत नाही, एवढंच. ‘तीव्र’ मात्र कळतो आणि चुकीचा कळतो. वैद्यकात त्याचा अर्थ अचानक सुरू होऊन थोड्या काळात संपणारा. वाचणारा ‘जोरदार, गंभीर’ असा घेतो. मग ‘तुम्हाला तीव्र नाही, दीर्घकालीन आहे’ हे वाक्य ऐकून माणूस निर्धास्त होतो. कॅन्सरच्या दृष्टीने पाहिलं तर अर्थ नेमका उलटा व्हायला हवा. माझी सूचना: ‘नव्याने झालेली लागण’ आणि ‘अंगात राहून गेलेली लागण’. सहा महिन्यांनंतरही एचबीएसएजी (रक्तात हिपॅटायटिस बी आहे का ते सांगणारी चाचणी) पॉझिटिव्ह असेल तर दुसरी, असं तिथेच सांगून टाका.

‘जुनाट’ नको. जुनाट खोकला, जुनाट सर्दी म्हटलं की माणूस सवय झाल्यासारखं बोलतो.

प्रतिसाद, सोलापूरहून

‘राहून गेलेली लागण’ उत्तम. मी उद्यापासून वापरणार.

‘वाहक’बद्दल ताईंशी सहमत. पूर्वी इंग्रजीतही ‘निरोगी वाहक’ या अर्थाचा शब्द सर्रास चालायचा. वाहक म्हणजे जो ओझं दुसरीकडे पोचवतो, त्याला स्वतःला काही होत नाही. तैवानमध्ये २२,७०७ सरकारी नोकरदार पुरुषांवर काही वर्षं लक्ष ठेवून १९८१ साली निष्कर्ष छापले गेले. त्यांपैकी ३,४५४ जण हे असे ‘वाहक’ होते. यकृताच्या कॅन्सरने ४१ माणसं गेली, त्यातली ४० या ३,४५४ मधली. हे आकडे पाहिल्यावर तो शब्द पेशंटसमोर उच्चारवत नाही. सरळ ‘ज्यांच्या रक्तात हिपॅटायटिस बी आहे ते’ असं लिहा. लांब झालं तरी चालेल.

शिवाय ‘वाहक’ म्हटलं की घरचे त्या माणसाचं ताट-वाटी वेगळी करतात. उष्टं खाल्ल्याने, एका पंगतीत बसल्याने हिपॅटायटिस बी होत नाही, हे वाक्य पत्रकात ठळक हवंच. दाढीचं ब्लेड, दात घासायचा ब्रश आणि सुई यांचं मात्र वेगळं.

प्रतिसाद, बेळगावहून

आणखी एक शब्द तपासून घ्या: ‘आनुवंशिक’. आमच्या नात्यात एका घरात दोन भावांना यकृताचा कॅन्सर झाला. सगळे म्हणत, त्यांच्या घराण्यातच आहे. तिसऱ्या भावाची तपासणी झाली तेव्हा रक्तात हिपॅटायटिस बी निघाला. आईकडून तिन्ही मुलांना लागण झाली असावी, असं डॉक्टर म्हणाले. ‘आनुवंशिक’ म्हटलं की लोक हात टेकतात, नशीब म्हणतात. ‘आईकडून लागण’ म्हटलं की भावंडांची तपासणी करता येते. पण हे असं लिहा की दोष आईच्या माथी बसणार नाही. तिला स्वतःला तरी कुठे ठाऊक होतं?

आणि ‘सिऱ्होसिस (यकृत निबर होऊन आक्रसणं) म्हणजे दारूचा आजार’ हा समज कृपा करून खोडा. आमच्या काकूंनी आयुष्यात दारूचा थेंब घेतला नाही, तरी लोकांच्या नजरा सोसल्या.

मूळ प्रश्नकर्ती

दादा, काकूंचं वाचून वाईट वाटलं. हा परिच्छेद नक्की घालते. सोलापूरच्या डॉक्टरांना विचारते: ‘बरा झाला’ हे बी आणि सी दोन्हींसाठी वापरता येईल का?

प्रतिसाद, सोलापूरहून

नाही, इथे फार जपून. हिपॅटायटिस सी आता गोळ्यांनी जातो, बहुतेकांना बारा आठवड्यांचा कोर्स पुरतो. तिथे ‘विषाणू गेला’ लिहा. सीची अँटिबॉडी चाचणी त्यानंतरही पॉझिटिव्हच येत राहते, हेही लिहा. नाहीतर माणूस पुढच्या रिपोर्टला घाबरतो. विषाणू आहे की गेला हे आरएनए चाचणी सांगते. पण उपचाराआधी सिऱ्होसिस झालेला असेल तर विषाणू गेल्यावरही कॅन्सरचा धोका उरतो. कमी होतो, संपत नाही. ‘बरा झालात’ ऐकून हीच माणसं सोनोग्राफीला यायची थांबतात.

बीसाठी ‘आटोक्यात’. टेनोफोविर किंवा एन्टेकॅविर हे औषध विषाणूला दाबून ठेवतं, सहसा घालवत नाही. गोळी मनाने बंद केली तर तो उसळतो. बीची एक गोष्ट वेगळी आहे: त्याचा डीएनए यकृतपेशींच्या डीएनएमध्ये शिरून बसू शकतो, त्यामुळे सिऱ्होसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. सीमध्ये तो बहुतेक वेळा सिऱ्होसिसनंतरच होतो.

‘सर्व्हेलन्स’ला ‘सहामाही सोनोग्राफी’ म्हणा. सहामाही परीक्षा सगळ्यांनी दिलेली असते, शब्द चटकन बसतो. जोडीला एएफपी ही रक्ताची चाचणी सांगितली जाते. ‘दुखायला लागलं तर या’ असं कुठेही लिहू नका. यकृताच्या आत वेदना जाणवत नाही, वरच्या आवरणाला ताण पडला की दुखतं, आणि तोवर गाठ मोठी झालेली असते. दोन सेंटिमीटरची गाठ कापून किंवा सुईने जाळून काढता येते.

प्रतिसाद, पुण्याहून

यावरून आठवलं, ‘यकृताचा कॅन्सर’ आणि ‘यकृतात पसरलेला कॅन्सर’ यांत विभक्तीचा फरक सांभाळा. आतड्याचा कॅन्सर यकृतात गेला तरी तो आतड्याचाच. बातम्यांमध्ये हा घोळ नेहमी दिसतो.

प्रतिसाद, गडचिरोलीहून

मी आरोग्यसेविका आहे. हिपॅटायटिस बीच्या लसीचा जन्मल्यावर लगेच द्यायचा जो डोस, त्याला आम्ही ‘बर्थ डोस’ म्हणतो, आयांनाही तोच शब्द पाठ आहे, ‘जन्ममात्रा’ वगैरे करू नका. २४ तासांच्या आत, हे मात्र लिहाच, कारण घरी बाळंतपण झालं की तोच डोस चुकतो. तैवानने १९८४ मध्ये बाळांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि ६ ते १४ वयाच्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर दहा वर्षांत लाखामागे ०.७० वरून ०.३६ वर आला, असं आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं. आयांना सांगताना मी ‘कावीळची लस’ म्हणायचे, आता ‘लिव्हरच्या कॅन्सरपासून वाचवणारी लस’ म्हणते. सासवाही ऐकून घेतात.

आणि ताई, तपासणी व औषधं राष्ट्रीय कार्यक्रमातून सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, हा कार्यक्रम २०१८ पासून आहे. ते पहिल्याच पानावर टाका. शेवटच्या पानापर्यंत फार थोडे पोचतात.