प्रति: म्पिंगोवर सरसकट तोडबंदी

‘तोडच बंद करा, म्पिंगो आपोआप वाचेल’ हे वर वाचलं, पटलं नाही. म्पिंगो हे आफ्रिकेतलं झाड. क्लॅरिनेट या फुंकवाद्याला लागणारं त्याचं काळं लाकूड तयार व्हायला 70-100 वर्षं जातात, हे खरंच. पण टांझानियातल्या किल्वा जिल्ह्यात गावांनीच आपापली जंगलं राखली, मोजकी झाडं तोडली आणि 2009 मध्ये जंगल जबाबदारीने राखल्याचं एफएससी प्रमाणपत्र मिळवलं. लाकडाचे पैसे गावाला. जंगलातून दमडीही मिळणार नसेल, तर माणूस ते साफ करून तीळच पेरणार ना?

वणव्याचं तर कुणी बोललंच नाही, तो काही तोडबंदीने थांबत नाही. मोठं झाड आग सोसतं. कोवळी रोपं जळतात, बुडातून फुटतात, पुन्हा जळतात. (आपल्या शिसवीचा हा भाऊबंद, 2017 पासून दोघंही साइट्सच्या, म्हणजे वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहेत.)