जुनी जीप जपणं हे भरल्या पोटाचं खूळ नाही (भंगारवाल्या पोस्टला उत्तर)

पऱ्हाटी_दारव्हा:
परवा इथं एका भावानं लिहिलं, "जुन्या गाड्या जपणं हे भरल्या पोटाचं खूळ आहे, इकडे कास्तकार मरून राहिला अन् हे भंगाराले पॉलिश मारून राहिले, तोडा अन् किलोनं विका." खाली सत्तर-ऐंशी जणांनी 'बरोबर बोलला भाऊ' केलं. दोन दिवस गप्प बसलो, आता बसवत नाही.

भरलं पोट म्हणता तर ऐका. पाच एकर कोरडवाहू हाय, कापूस अन् तूर, बोंडअळीनं किती ठेवलं ते तुम्हाले सांगायची गरज नाही. माझ्याकडची पेट्रोल जीप 1968 ची. ती आमची कधीच नव्हती, बाप तिच्यावर ड्रायव्हर होता. मालक वारल्यावर गोठ्यात सोळा वर्षं उभी, वरून कुटार रचलेलं, सीटच्या स्प्रिंगात उंदरांनी घर केलेलं. भंगारवाला 28 हजार देत होता, मी 35 दिले. त्यानंतर चार वर्षांत 90 हजार लागले, ज्या वर्षी तूर बरी झाली त्या वर्षी ब्रेक झाले, नाही झाली त्या वर्षी गाडी ताडपत्रीखाली.

बाप कमी बोलणारा माणूस. त्यानं मले कधी काही शिकवलं असं आठवत नाही. गाडी चालू करायले पुढून फिरवायचं लोखंडी हँडल पहिल्यांदा हातात घेतलं तवा खाटेवरून उठून आला अन् माझा अंगठा धरून बाजूले केला. म्हणे, अंगठा चार बोटांच्या बाजूनंच ठेव, दांड्याले वेटोळं घालू नको, अन् खालून वर ओढ, वरून खाली दाबू नको. इंजिनानं उलटा झटका मारला तर हँडल हातातून निसटून गेलं पाहिजे, अंगठा अडकला तर मनगट गेलं. त्याच्या डोळ्यासमोर एका क्लीनरचं गेलं होतं. मग ठिणगी पाडणारे सीबी पॉइंट कसे घासायचे, कार्बोरेटरचं जेट तोंडानं फुंकून कसं मोकळं करायचं, हे सारं त्यानं एका उन्हाळ्यात सांगितलं. त्या गाडीत असं काहीच नाही जे उघडून पाहता येत नाही. माझा नवा ट्रॅक्टर मागच्या जूनमध्ये एका सेन्सरपायी अकरा दिवस वावरात उभा होता, ऐन पेरणीत, लॅपटॉपवाला माणूस शहरातून येईल म्हणून वाट पाहत. मले ती जीप म्हणूनच आवडते, तिच्यात माणसाले काही कळते.

नर्सबाई_अचलपूर:
दादा, तुमच्या वडिलांबद्दल आदर आहे. पण हे जे 'जुनं ते सोनं' चाललं आहे ना, ते वाचून मला झोप येत नाही म्हणून लिहिते.

1991, मे महिना. मी नऊ वर्षांची. आईच्या पोटात दुखायला लागलं दुपारी एकला. गावात चारचाकी एकच, पेट्रोलची जुनी गाडी, मालकानं दिली बिचाऱ्यानं, पैसेही नाही घेतले. अर्ध्या रस्त्यात ती बंद पडली. ड्रायव्हरनं बॉनेट उघडलं, माझ्या आईच्या लुगड्याचा पदर फाडून ओला केला आणि आत कशावर तरी टाकला, आणि आम्ही सगळे बाभळीखाली बसून राहिलो. प्यायचं पाणी पण त्या फडक्यावर गेलं. पाऊण तासानं गाडी सुरू झाली. आई वाचली. भाऊ नाही वाचला.

तुम्ही ज्याला आठवण म्हणता ती माझ्यासाठी ही आहे. आज मी नोकरीत आहे, 2014 पासून 108 ची गाडी आहे, ती उशिरा येते म्हणून मी रोज भांडते, पण तिचं इंजिन गरम झालं म्हणून कोणाची बाळंतीण बाभळीखाली बसत नाही. ज्यांनी त्या गाड्यांत बसून काही गमावलं नाही त्यांनाच त्या सुंदर दिसतात.

गॅरेजवाला_कारंजा_रोड:
ताई, वाचून हात थांबला माह्या. चाळीस वर्षं झाली या धंद्यात, त्या ड्रायव्हरनं फडकं कशावर टाकलं ते सांगतो. पेट्रोलचा पंप तवा इंजिनाच्या अंगालेच बोल्टनं बसवलेला असे. आपल्याकडं मे महिन्यात 45 डिग्री, वरून इंजिनाची गरमी, पेट्रोलची पंपातच वाफ होते अन् पंप वाफ ढकलू शकत नाही. वेपर लॉक म्हणतो आम्ही. पंप थंड केला की गाडी चालू. कार्बोरेटरवाल्या कितीतरी पेट्रोल गाड्यांत हे होई, कंपनी कोणतीही असो. आताच्या गाडीत पंप टाकीत पेट्रोलातच बुडून असते म्हणून होत नाही. ड्रायव्हरची चूक नव्हती ताई, त्याले जे येत होतं ते त्यानं केलं.

पण जपणाऱ्यांले खरा तरास कशाचा हाय ते कोणी बोलत नाही, कागदाचा! 15 वर्षं झाली की चारचाकीची फेरनोंदणी, एप्रिल 2022 च्या आधी 600 रुपयात होत होती ते तवा एकदम 5000 केलं. मोटरसायकलचे 300 चे 1000. कास्तकाराची राजदूत, येझदी दहा-दहा हजारात विकली जाते तिले एवढी फी कोण भरन? मग ती बिनाकागदाची फिरते नाहीतर भंगारात जाते. माह्याकडं एक म्हातारा डिझेल बुलेट घेऊन येते, एनफिल्डची टॉरस, लोंबार्डिनी इंजिनाची, 325 सीसी, साडेसहा हॉर्सपॉवर, ढकढक आवाज चार वावरं दूर जाते पण लिटरले सत्तरच्या वर देते अजून. त्याले एका कार्यालयात चार चकरा मारायले लावल्या, का तर कॉम्प्युटरात त्या गाडीचं डिझेल म्हणून नावच दाखवत नव्हतं. मोटरसायकल डिझेलवर कशी चालते, त्या पोराले पटेच ना. म्हातारा शेवटी गाडी तिथं पायऱ्यांसमोर नेऊन टाकी उघडून दाखवून आला.

कोरा_सातबारा:
ती भंगारवाली पोस्ट माझीच. तुम्हीच माझं म्हणणं सिद्ध करून राहिले. केंद्रानं 2021 मध्ये विंटेजचा नियम काढला, 50 वर्षांच्या वरची अन् मूळ रूपात असलेली गाडी, नवी नोंद करायची तर फी 20 हजार, नंबरात 'व्हीए'. अन् ती गाडी रोज चालवायची नाही, फक्त प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं अन् दुरुस्ती. सांगा, ज्याच्या घरी दुसरी गाडी नाही त्यानं रॅलीले कुठं जावं? हा नियमच मुळी ज्याच्या बंगल्यात चार गाड्या आहेत त्याच्यासाठी. पऱ्हाटी भाऊ अपवाद असन, मी मानतो. एका अपवादावर शौक गरिबाचा होत नाही.

अन् हाच रोग आपल्या शकुंतलेले, त्या अरुंद रुळाच्या छोट्या रेल्वेले पण लागला. तिकडं मूर्तिजापूरले रूळ गंजून राहिले अन् इकडं लोक काळे-पांढरे फोटो टाकून रडून राहिले 'हेरिटेज हेरिटेज' करत. त्या हेरिटेजच्या रडण्यापायी रुंद रुळाचा ब्रॉडगेज लटकला आमचा.

मोतीबाग_गुरुजी:
शकुंतलेचं नाव घेतलंत म्हणून उत्तर देणं भाग आहे. यवतमाळ ते मूर्तिजापूर 113 किलोमीटर, मूर्तिजापूर ते अचलपूर 76, अडीच फुटी रूळ. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीवाल्यांनी सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढून हा मार्ग बांधला. स्वातंत्र्यानंतर इतर बहुतेक रेल्वे सरकारजमा झाल्या, ही कंपनीचीच राहिली आणि सरकार ती चालवून कंपनीला पैसे देत राहिलं. वाफेचं इंजिन मँचेस्टरला 1921 मध्ये बनलेलं, 1923 पासून इथं ओढत होतं ते 15 एप्रिल 1994 पर्यंत. एकाहत्तर वर्षं, एक इंजिन! माझे आजोबा त्या मार्गावर गँगमध्ये होते, स्लीपरखाली खडी ठोकायचे. मी दारव्हा मोतीबाग स्टेशनावरून कॉलेजला गेलो, गार्डच उतरून तिकीट द्यायचा आणि तोच फाटक लावायला जायचा. चढावर गाडी इतकी हळू की पोरं उतरून बोरं तोडून परत चढायची. या गोष्टी पैशात मोजता का तुम्ही?

कोरा_सातबारा:
गुरुजी, आजोबा स्लीपर ठोकत होते कोणासाठी? आपला कापूस जिनिंगवर गाठी होऊन मुंबईले अन् तिथून बोटीनं मँचेस्टरले, अन् मँचेस्टरचं कापड परत आपल्या अंगावर. इंजिन पण तिथूनच. वऱ्हाडातला पांढरा सोना नेण्याची ती नळी होती नुसती. खामगावची लाइन 1870 ले कशासाठी झाली? कापसासाठीच, लॉर्ड मेयो स्वतः आला होता उद्घाटनाले. लुटीची शिडी घरात जपून ठेवायची अन् तिले हार घालायचा?

मोतीबाग_गुरुजी:
तोंड सांभाळून बोला. हार इंग्रजाला नाही. नेणारे इंग्रज होते, ठोकणारे, ओढणारे, कोळसा टाकणारे आमचे होते. ज्याच्या तळहाताच्या घट्ट्यांवर मी शिकलो त्याच्या कामाला तुम्ही 'लुटीची शिडी' म्हणता? मोडून टाकलं तर लुटीचा पुरावाही जाईल आणि त्यांच्या मेहनतीचाही. मग पोरांना काय दाखवाल, मोबाईल?

कोरा_सातबारा:
तुमच्या आजोबांले मी एक शब्द बोललो नाही. आडून बोलू नका.

टमरेल_टाइम्स:
मोतीबागेत म्युझियम आहे ना पण रेल्वेचं? मग सगळं जपलेलंच आहे, भांडता कशाला

मोतीबाग_गुरुजी:
ते नागपूरचं मोतीबाग. 2002 मध्ये झालेलं नॅरोगेजचं संग्रहालय. दारव्ह्याचं मोतीबाग वेगळं. आधी माहिती घ्या, मग लिहा.

पानमळा_अंजनगाव:
दोघांचंही ऐकून वैताग आला. एकाले हार घालायचा, दुसऱ्याले शिव्या घालायच्या, अन् आम्हाले अमरावतीले जायचं हाय. पानाची करंडी बसच्या टपावर टाकून नेतो मी, उन्हानं वरची दोन बोटं पानं करपतात, व्यापारी तेवढे कापून भाव लावते. शकुंतला होती तवा माझा बाप तीच करंडी गाडीत पायाशी ठेवून दर्यापूरले न्यायचा, वर ओलं गोणपाट. तिकीट थोडंसं. गरीब माणसाची गाडी होती ती. मले जुनी म्हणून नको, नवी म्हणून पण नको, मले गाडी पाहिजे! गुरुजी, शकुंतलेचं दार्जिलिंगच्या गाडीसारखं हेरिटेज होईल म्हणाले होते ना तुम्ही मागच्या वेळेस, तिले 1999 ले युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं, माथेरानची 1907 ची गाडी पण चालते, पण तिथं थंड हवा खायले लोक येतात. मूर्तिजापूरले मे महिन्यात कोण येईल पैसे देऊन बसायले? ब्रॉडगेज करा अन् मोकळे व्हा.

मोतीबाग_गुरुजी:
पानमळा, तुमची करंडी मला कळते. ब्रॉडगेजला माझा विरोध कधीच नव्हता, हे इथं पहिल्यांदा लिहितो कारण कोणी विचारलंच नाही. रूळ रुंद करा. पण एखादं स्टेशन, एक डबा, सिग्नलचा हात, तिकीट खिडकीची लाकडी चौकट, हे तरी विकू नका. नागपूरचा अजब बंगला 1863 पासून उभा आहे, दगड-मूर्ती, भुसा भरलेले प्राणी सगळं आहे तिथं, पोळ्याला-दिवाळीला खेड्यातून माणसं ट्रॅक्टर भरून बघायला जायची. त्यांना काय कळत होतं पुराणवस्तूंतलं? तरी काचेला नाक लावून उभी राहायची. ती भूक माणसाला असतेच, पोट रिकामं असलं तरी.

कोरा_सातबारा:
एक डबा अन् एक स्टेशन ठेवा. तेवढ्याले माझी हरकत नाही. पण त्याच्यापायी गाडी थांबली तर मी पुन्हा बोलीन.

पऱ्हाटी_दारव्हा:
धागा जिपेवर काढला होता, मूर्तिजापूरले जाऊन थांबला. असो, बरं झालं.

सातबारा भाऊ, तुझं एक मान्य करावंच लागते. विंटेजची नोंद मी केली नाही, कारण केली तर बाजाराले नेता येणार नाही, अन् मी आठवड्याले भाजीचे दोन क्रेट तिच्यातूनच नेतो. म्हणजे नियम माझ्यासारख्यासाठी नाहीच, हे तुझं खरं हाय. पण त्याचा अर्थ जीप तोडावी असा होत नाही, नियम बदलावा असा होते. जी गाडी पन्नास वर्षांची होऊनही कामावर हाय तिले काम करू द्या, वर्षातून किती किलोमीटर ते ठरवून द्या, तपासणी कडक करा, धूर तपासा. पण 'चालवू नको, फक्त दाखव' हे कास्तकाराले कधी जमणार नाही.

नर्सताई, तुमच्या उत्तराले काय लिहावं ते सुचत नव्हतं म्हणून वेळ लागला. बापाले वाचून दाखवलं. तो बराच वेळ बसून राहिला, मग म्हणे त्या काळात बाळंतिणीले नेताना आम्ही रात्रीच निघायचो, दिवसा निघायची पाळी आली तर देवाचं नाव घ्यायचो. त्यानं किती जणींले नेलं मले माहीत नव्हतं. तेवीस म्हणते. दोघींचं नाव सांगताना थांबला. हे त्यानं मले आजपर्यंत सांगितलं नव्हतं.

नर्सबाई_अचलपूर:
तुमच्या वडिलांना नमस्कार सांगा. माझं मत बदललेलं नाही. त्या गाड्या छान होत्या असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्या दोघींची नावं लिहून ठेवा, गाडीच्या कागदात ठेवली तरी चालेल.

आणि एक विचारायचं होतं, आता तुमच्या गाडीत पंप तिथंच आहे का, इंजिनाजवळ?

पऱ्हाटी_दारव्हा:
तिथंच हाय ताई, मूळचाच. सीटखाली फडकं असते अन् पाच लिटरची पाण्याची कॅन, ती प्यायच्या पाण्याची नाही, वेगळी. नावं आज रात्री विचारून लिहितो.