'स्किनिंग' : सोलणे की मढवणे?

प्रश्न : मोबाइलवरच्या त्रिमितीय ग्राफिक्सवर विद्यार्थ्यांसाठी टिपण लिहितो आहे. 'व्हर्टेक्स'ला भूमितीतला 'शिरोबिंदू' चालतो. पण 'व्हर्टेक्स स्किनिंग'चे काय? एका भाषांतरात 'शिरोबिंदू सोलणे' वाचले. हे बरोबर आहे का? आणि 'सपोर्ट'ला 'समर्थन' म्हणू का?

उत्तर १ : सोलणे नक्कीच नाही. इंग्रजीत एकच क्रियापद कातडे काढण्यालाही चालते आणि चढवण्यालाही. इथे त्रिमितीय पात्राच्या आतला हाडांचा सांगाडा हलला की वरची शिरोबिंदूंची जाळी त्याच्याबरोबर वाकली पाहिजे, म्हणजे कातडे चढवायचे आहे. आपल्याकडे त्याला तयार शब्द आहे : मढवणे. ढोलकी मढवतात, पखवाज मढवतात.

उत्तर २ : मढवणे मलाही आवडला, पण एक अडचण आहे. ढोलकीवरचे कातडे ताणून पक्के बसवलेले असते. इथे ते प्रत्येक फ्रेमला हलते. कोपराजवळचा एक शिरोबिंदू घ्या. त्याच्यावर दंडाच्या हाडाचा भार (म्हणजे प्रभावाचा वाटा) ०.६ आणि पुढच्या हाताच्या हाडाचा ०.४. दोन्ही हाडांच्या मॅट्रिक्सने (हाडाची हालचाल सांगणाऱ्या आकड्यांच्या तक्त्याने) त्याची जागा वेगवेगळी काढायची आणि भारित सरासरी घ्यायची. म्हणून कोपर वाकला तरी कातडी फाटत नाही. (मनगट पूर्ण उलटे फिरवले, तर मात्र हीच सरासरी जाळीला आत ओढते आणि गोळीच्या कागदाला पीळ द्यावा तसे मनगट चिमटते.) माझ्या मते चित्रकार हाडांना जाळी जोडून भार ठरवतो, ते मढवणे. फोन दर फ्रेमला जो हिशेब करतो, त्याला सरळ 'स्किनिंग'च म्हणावे.

'समर्थन' नको. समर्थन मताचे करतात. यंत्रात 'सोय' असते. पण ही सोय काळाप्रमाणे बदलली, ते टिपणात यायलाच हवे. जावा फोनांसाठी २००३ साली आलेल्या मोबाइल थ्रीडी ग्राफिक्स एपीआयमध्ये (प्रोग्रामरसाठीच्या तयार आज्ञांच्या संचात) स्किनिंगसाठी 'स्किन्डमेश' नावाचा तयार क्लास होता. ओपनजीएल ईएस या फोनांवरच्या ग्राफिक्सच्या मानकाच्या १.१ आवृत्तीत त्याच कामासाठी 'मॅट्रिक्स पॅलेट' हे एक्स्टेंशन (जोडसोय) होते, पण ऐच्छिक. ज्या फोनात ते असे, तिथे किमान ९ मॅट्रिक्स आणि एका शिरोबिंदूवर किमान ३ हाडांचा भार एवढीच हमी. ९ मॅट्रिक्समध्ये अख्खा माणूस बसत नाही. मग जाळीचे तुकडे करून एकेक तुकडा काढावा लागे.

प्रश्नकर्ता : आणि २.० मध्ये?

उत्तर २ : २००७ च्या २.० मधून तयार सोय गेली आणि शेडर, म्हणजे ग्राफिक्स चिपवर चालणारा छोटा प्रोग्राम, आला. आता हिशेब तुम्हीच लिहायचा. शेडरला बाहेरून द्यायच्या कायम मूल्यांसाठी किमान १२८ व्हेक्टरांची (चार-चार आकड्यांच्या गटांची) हमी आहे. एका मॅट्रिक्सला ४ लागतात, म्हणजे कागदोपत्री ३२ हाडे. कॅमेऱ्याचे मॅट्रिक्सही त्यातच बसवायचे असते, म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. मॅट्रिक्सची शेवटची ओळ सगळ्या हाडांना सारखीच असते. ती वगळून ३ व्हेक्टरांत काम भागवले तर संख्या बरीच वाढते. ३.० मध्ये हीच हमी २५६ झाली. तेव्हा २.० बद्दल 'स्किनिंगची सोय नाही' असे लिहू नका. वाचणाऱ्याला ते करताच येत नाही असे वाटेल.

प्रश्नकर्ता : मग असे लिहितो : 'ओपनजीएल ईएस २.० मध्ये स्किनिंगची तयार सोय नाही. मढवलेल्या जाळीचा हिशेब शेडरमध्ये लिहावा लागतो.'

उत्तर १ : उत्तम. फक्त 'मढवलेल्या'आधी 'सांगाड्यावर' घाला. नुसते 'मढवलेली' वाचले की मला सोन्याने मढवलेली मूर्ती दिसते.