मदत हवी आहे: ज्यांच्या घरी लाइट बिलच येत नाही, त्या मुलांना ऊर्जेचा पाठ कसा द्यावा?

नमस्कार मंडळी,

मी ऐरोलीत राहते. आमचा सहा-सात जणांचा गट मराठी माध्यमातल्या आठवीच्या मुलांसाठी शाश्वत ऊर्जेवर एक पुस्तिका तयार करतोय. सगळेच नोकरी-घर सांभाळून, विनामोबदला. माझ्याकडे माहिती शोधायचं आणि छापायचा प्रत्येक आकडा पडताळायचं काम आहे.

पहिला मसुदा आम्ही इंग्रजी साहित्यावरून केला होता. त्यात थंडीत घर उबदार कसं ठेवावं यावर चार पानं होती. आपल्याकडे त्याचा काय उपयोग? ती काढली आणि त्या जागी 'घरचं बिल वाचा' हा उपक्रम घातला. वापरलेली युनिटं, स्थिर आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत पोचवण्याचा), वीज शुल्क, १०० युनिटांनंतर चढणारा दर, असं बरंच काही एका कागदावरून शिकवता येतं.

गेल्या शनिवारी दिघ्याच्या बाजूच्या एका शाळेत तो करून पाहिला. बिल आणलेली मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, आमच्याकडे बिल येतच नाही. मालक पैसे घेतो." मग एकेक करत हात वर होत गेले. मालकाच्या नावावर एक मीटर आणि त्यावर चार-पाच खोल्या. काहींकडे सबमीटर (खोलीपुरता वेगळा छोटा मीटर) आहे, काहींकडे तोही नाही, महिन्याची ठरलेली रक्कम द्यायची. घरी येऊन हिशेब केला तेव्हा लक्षात आलं, प्रत्येक खोली ७०-८० युनिटांत भागवत असली तरी पाच खोल्यांची बेरीज ३०० च्या पुढे जाते आणि बिलाला वरच्या टप्प्याचा दर लागतो. सगळ्यात कमी वीज वापरणाऱ्या घराला ती महाग पडते. हे मला पुस्तिकेत यायला हवंच आहे, पण त्या मुलांना मालकाशी भांडायला लावल्यासारखं होऊ नये. कसं मांडावं?

बिलाऐवजी मी एक प्रयोग करून पाहिला. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि किती वेळा लुकलुकला की एक युनिट, ते मीटरवरच छापलेलं असतं. माझ्या मीटरवर ३२०० आहे. फ्रिजसकट सगळं बंद करून फक्त हॉलमधला जुना पंखा लावला आणि दहा मिनिटं मोजत उभी राहिले. ४० वेळा लुकलुकला, म्हणजे तासाला २४०; ३२०० ला एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास, तर हा पंखा ७५ वॅटचा. शेजारच्या काकूंकडे नवा बीएलडीसी (कमी वीज लागणाऱ्या मोटरचा) पंखा आहे, त्यांच्याही मीटरवर ३२०० च आहे. तिथे दहा मिनिटांत १६, म्हणजे ३० वॅट. काकू स्वतः घड्याळ धरून बसल्या होत्या. हे वर्गात सांगितलं तर मुलं कधी विसरणार नाहीत असं मला मनापासून वाटतं.

पण अडचण अशी की मीटर बऱ्याचदा मालकाच्या कुलूपबंद पेटीत असतो, नाहीतर जिन्याखाली उघड्या वायरींशेजारी. तेराव्या-चौदाव्या वर्षीच्या मुलांना तिथे पाठवायला मी तयार नाही. शाळेतच एक सबमीटर लाकडी फळीवर बसवून, परवानाधारक वायरमनकडून जोडून घेऊन दाखवता येईल का? कुणी शिक्षकांनी किंवा आयटीआयवाल्यांनी असं केलं असेल तर फळीवर काय काय लावलं आणि सुरक्षेसाठी काय घेतलं, ते कृपया सविस्तर सांगा.

दुसरं म्हणजे छतावरच्या सौरऊर्जेचं पान. १ किलोवॅटमधून दिवसाला साधारण ४ युनिटं, ३ किलोवॅटला केंद्राचं ७८,००० रुपये अनुदान, हे सगळं लिहून ठेवलंय. पण भाड्याच्या खोलीवरचे पत्रे त्या मुलांच्या घरच्यांचे नाहीत. त्यांना हात घालता येईल असं काय द्यावं? ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेलं 'निसर्गऋण' तंत्र, ओल्या कचऱ्यापासून गॅस करण्याचं, मला जवळचं वाटतं. ठाणे किंवा नवी मुंबईत असा चालू प्रकल्प मुलांना दाखवून मराठीत समजावून सांगणारं कुणी आहे का?

आणि शब्दांबद्दल एक. 'ग्रिड' असंच लिहावं की 'वीजजाळं'? मी वर्गात दोन्ही वापरले. मुलांना 'जाळं' चटकन कळलं, पण पुढे दहावीत आणि कॉलेजात त्यांना 'ग्रिड'च भेटणार आहे.

मसुदा महिनाअखेरीला छपाईला जातोय. मीटरच्या फळीचं तेवढं आधी कळलं तर ती पानं मी लगेच लिहायला घेईन.