बोटीवरची बॅटरी आउटबोर्डनं चार्ज होऊन नाई राहिली, काय करावं?

वैनगंगाकाठ_पवनी:
नमस्कार राजेहो. आम्ही गोसीखुर्दच्या बॅकवॉटरमंधी मासेमारी करतो. फायबरची बोट हाय, मागं ९.९ एचपीची जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागं बाहेरून लावाची पेट्रोलची मोटर), दोरी ओढून चालू होणारी. तिच्यातून दोन वायर निघते, मेकॅनिकनं मधात रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) लावून ३५ एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे किती करंट किती तास पुरन त्याचं माप) कारच्या बॅटरीले जोडून देल्ली. रातच्याला दोन एलईडी लाइट (दोन्ही मिळून २० वॅट) आन् एक फिश फाइंडर (पाण्याखालचे मासे दाखवणारं यंत्र) चालते, पाचेक तास तरी. पण दोन-तीन रातीत बॅटरी बसून जाते, लाइट पिवळा पडते आन् फाइंडर आपोआप बंद. मोटर तं रोजच चालते, जायला-यायला पंचवीस-पंचवीस मिनिटं, मंग चार्ज काहून नाई होत? बॅटरीवाला म्हणते मोठी घ्या, शंभर एएचची. पैसे घालाव का? रातच्याला पाण्यावर लाइट गेला म्हणजे जाळं कुठं टाकलं तेच दिसत नाई, म्हातारा बाप सोबत असते, जीव वरखाली होते, म्हणून विचारून राहिलो.

वाइंडिंगवाला_साकोली:
भाऊ, मोठी बॅटरी सध्या घेऊ नका. टाकी मोठी केली म्हणून नळाची धार मोठी होत नाही. आधी हिशोब पाहा. २० वॅट म्हणजे १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअरच्या आसपास, फाइंडरचा अर्धा धरा, झाले सव्वादोन. पाच तासांत ११ एएच गेले. आता जमा पाहा. या साइजच्या मोटरची लाइटिंग कॉइल (मोटरमधली वीज बनवणारी गुंडाळी) साधारण ६० ते ८० वॅटची असते, म्हणजे पाच-सहा अँपिअर, पण तो आकडा फुल रेसचा आहे. फ्लायव्हीलमधलं मॅग्नेट जितकं जोरात फिरेल तितकाच करंट, स्लो चालवली की अर्ध्याच्याही खाली येतो. तुमच्या बॅकवॉटरमध्ये पाण्याखाली उभी झाडं आहेत, वरून जलपर्णी पंख्यात अडकते, तिथं फुल रेस देतं कोण? पन्नास मिनिटांत दोन-अडीच एएच मिळाले तर पुष्कळ. रोज आठ-नऊचा तोटा, आणि कारची बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवत गेलं की तिच्या प्लेटा लवकर मरतात. म्हणून ती दोन-तीन रात्रीत बसते.

तरी कॉइल ठीक आहे का ते पाहून घ्या. मीटर डीसीवर ठेवून बॅटरीच्या टोकांवर लावा. मोटर बंद असताना भरलेली बॅटरी १२.६-१२.७ दाखवते, १२.२ म्हणजे अर्धी उरली. मग मोटर चालू करून हळूहळू रेस वाढवा, चार्जिंग होत असेल तर काटा १३.८ ते १४.४ कडं सरकतो. जागचा हललाच नाही तर फ्यूज, रेक्टिफायर, कॉइल या क्रमानं तपासा. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरून धरणारा भाग) नाही किंवा उडालेला आहे, बॅटरीतलं पाणी उकळून जाईल. घरी तपासत असाल तर मोटरचा खालचा भाग पाण्याच्या ड्रममध्ये बुडवूनच चालू करा, कोरडी चालवली की पाणी ओढायचं रबरी इम्पेलर जळतं. आणि मोटर चालू असताना बॅटरीची वायर काढू नका, रेक्टिफायर तिथंच जातो.

वैनगंगाकाठ_पवनी:
आज ड्रमात टाकून पाह्यलं. मोटर बंद असताना १२.१, स्लोवर १२.३, रेस देल्ली तं १३.९ वर गेलं अन् तिथंच थांबलं. म्हणजे मशीनमंधी खराबी नाई ना?

वाइंडिंगवाला_साकोली:
नाही. कॉइल चांगली आहे, १३.९ वर थांबते म्हणजे रेग्युलेटरही असावा. मोटर काही जास्त वेळ चालणार नाही, तेव्हा दुसरीकडून भर घालावी लागेल.

नवेगावबांध_तलावकाठी:
सोलर लावा दादा, मी आमच्या बोटीवर तेच केलं. ५० वॅटचं पॅनल बोटीच्या मागच्या पाइपावर सपाट बसवलं, चांगल्या उन्हात दिवसभराचे १२ ते १५ एएच येतात, म्हणजे तुमचा रात्रीचा खर्च निघून थोडं उरतं. आपल्याकडं ऊन कमी आहे का! मध्ये चार्ज कंट्रोलर (बॅटरी जास्त चार्ज होऊ न देणारा डबा) पाहिजेच, थेट जोडू नका, आणि जोडताना आधी बॅटरी मग पॅनल, काढताना उलट. पॅनलवर धूळ आणि पक्ष्यांची घाण साचते ती ओल्या फडक्यानं पुसत जा, एका कोपऱ्यावर सावली पडली तरी करंट धपकन पडतो. ढगाळ दिवसात मात्र अर्धाही मिळत नाही, तेव्हा बॅटरी घरी नेऊन चार्जरला लावावी लागते. आमच्या गावात लाइनचा भरवसा नाही म्हणून आकाश भरून आलं की आदल्या दिवशीच लावून ठेवतो.

वैनगंगाकाठ_पवनी:
बोट काठावरच बांधून राहते, पॅनल चोरीले गेलं तं?

नवेगावबांध_तलावकाठी:
मग पॅनल घराच्या छपरावर लावा आणि सकाळी बॅटरी घरी आणा, ३५ एएचची एका माणसाला उचलता येते. शंभरची घेतली असती तर हेच जमलं नसतं. रोज काढ-घाल होणार म्हणून टर्मिनलला बटरफ्लाय नट लावून घ्या आणि प्लसची वायर लाल ठेवा, अंधारात उलटी जोडली तर कंट्रोलर, फाइंडर दोन्ही जातात.

वाइंडिंगवाला_साकोली:
त्यात माझी एक भर. प्लसच्या वायरला बॅटरीपासून वीतभर अंतरावर १० अँपिअरचा फ्यूज टाका. बॅटरीचा डबा वरून हवा लागेल असा ठेवा, चार्जिंग होताना हायड्रोजन निघतो, पेट्रोलची टाकी त्याच्या शेजारी ठेवू नका. उन्हाळ्यात पाणी लवकर उडतं, दर पंधरा दिवसांनी झाकणं उघडून बघा आणि डिस्टिल्ड वॉटरच घाला, बोअरचं नाही. पुढं ही बॅटरी गेली की कारची घेऊ नका, इन्व्हर्टरवाली छोटी ट्युब्युलर (नळीदार प्लेटांची) घ्या, तीच रोजची चढउतार सोसते.

वैनगंगाकाठ_पवनी:
छपरावरच लावतो मंग. पॅनल ५० चं घेऊ की ७५ चं, भावात लय फरक नसन तं?

नवेगावबांध_तलावकाठी:
७५ घ्या, पावसाळ्यात कामी येईल. कंट्रोलर १० अँपिअरचा पुरतो.